देह तिचा, अटीही तिच्या: कलासंग्रहालयांना खुले पत्र

प्रति,
आधुनिक आणि समकालीन कलेच्या संग्रहालयांचे संचालक, क्युरेटर आणि संग्रह-समित्यांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

स्वतःचा देह आणि स्वतःची प्रतिमा हेच माध्यम मानून स्त्रीवादी कलाकारांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत जे परफॉर्मन्स, म्हणजे प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष करून दाखवलेल्या कलाकृती, केले, त्यांच्यासाठी आपल्या संस्थांची दारे उशिरा उघडली. उघडली हे महत्त्वाचेच आहे. योको ओनो, कॅरोली श्नीमन, व्हॅली एक्सपोर्ट, हॅना विल्की, एड्रियन पायपर, आना मेंदिएता यांच्या कृती आज मोठमोठ्या कायम संग्रहांत आहेत, त्यांची स्वतंत्र प्रदर्शने भरतात, आणि श्नीमन यांना तर २०१७ साली व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाचा जीवनगौरवाचा सुवर्णसिंहही मिळाला. तेव्हा दुर्लक्षाची जुनी तक्रार मला येथे उगाळायची नाही. या कृती आत घेतल्यानंतर आपण त्यांचे काय करता, याविषयी मला बोलायचे आहे.

या कलाकारांनी आपला देह लोकांपुढे ठेवला तो काही अटींवर. तो किती वेळ पाहायचा, त्याला हात लावता येईल की नाही, लावायचा तर कोणी आणि कुठवर, छायाचित्र कोण घेणार, सोबत काय वाचले जाणार आणि हे सगळे थांबायचे केव्हा, हे त्यांनी आधी ठरवले होते. ते ठरवणे हेच त्यांचे कर्तेपण होते. अटी काढून घेतल्या की मागे उरते ती एका उघड्या स्त्रीची तसबीर, आणि तशा तसबिरींची चित्रकलेच्या इतिहासात कधीही वानवा नव्हती. आपल्या भिंतींवर देह बहुतेक वेळा असतो आणि अटी बहुतेक वेळा नसतात. माझे म्हणणे एवढेच आहे, पण ते नुसते सांगून पटणारे नाही, म्हणून काही कृतींकडे जरा जवळून पाहावे लागेल.

श्नीमन यांच्या ‘इंटीरियर स्क्रोल’पासून सुरुवात करतो, कारण तिचे छायाचित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. ऑगस्ट १९७५ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील ईस्ट हॅम्पटन येथे ही कृती प्रथम झाली आणि तिच्या प्रेक्षकांत मुख्यतः स्त्री कलाकारच होत्या. श्नीमन पूर्ण कपड्यांत आल्या, कपडे उतरवले, अंगाभोवती चादर गुंडाळली आणि एका लांब टेबलावर चढल्या. आपण आपल्या पुस्तकातून वाचणार आहोत असे प्रेक्षकांना सांगून त्यांनी चादर सोडली. अंगावर फक्त एप्रन उरला. चेहऱ्यावर आणि अंगावर गडद रंगाचे फटकारे ओढून, एका हातात ते पुस्तक धरून, त्या वाचू लागल्या, आणि वाचता वाचता चित्रकलेच्या वर्गात मॉडेल उभी राहते तशा एकामागून एक पोझ घेऊ लागल्या. त्यानंतर एप्रन काढून त्यांनी योनीतून कागदाची एक अरुंद पट्टी सावकाश बाहेर ओढली आणि तिच्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. स्त्री कलाकाराच्या वाट्याला कशी वागणूक येते, याचा तो तिखट हिशेब होता.

आपल्या दालनांत आणि आपल्या पुस्तकांत यातला शेवटचा क्षण लागतो. तो क्षण विलक्षण आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याआधीचा भाग गेला की कृतीचा युक्तिवादच जातो. मॉडेलने बोलायचे नसते, लिहायचे तर मुळीच नसते. तिने पोझ धरायची असते आणि बाकीच्यांनी तिच्याकडे पाहून कला निर्माण करायची असते. श्नीमन यांनी ती पोझही धरली आणि त्याच वेळी, तोल सांभाळत, स्वतः लिहिलेले वाक्यही वाचले. पाहिली जाणारी आणि लिहिणारी एकाच टेबलावर, एकाच देहात उभी राहिली. हे पुस्तक जर छायाचित्राशेजारी नसेल, त्या पोझचा उल्लेख माहितीपट्टीवर नसेल, कागदावरचा मजकूर प्रेक्षकाला वाचता येत नसेल, तर प्रेक्षकाने तेथे थांबून नेमके काय पाहावे अशी आपली अपेक्षा आहे? मजकूर वाचण्यासाठी केलेल्या कृतीतून मजकूरच वगळणे हा संपादनाचा फार विचित्र प्रकार आहे.

दुसरे उदाहरण ओनो यांच्या ‘कट पीस’चे. १९६४ साली जपानमध्ये, क्योतो आणि मग तोक्यो येथे, ही कृती झाली. न्यू यॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये मार्च १९६५ मध्ये झालेल्या प्रयोगाचे माहितीपटकार मेझल्स बंधूंनी चित्रीकरण केले आणि आज जगाला ‘कट पीस’ ठाऊक आहे ती मुख्यतः त्या चित्रफितीमुळे. ओनो रंगमंचावर बसलेल्या असतात, पुढ्यात कात्री ठेवलेली असते, प्रेक्षकांनी एकेकट्याने येऊन त्यांच्या कपड्याचा एक तुकडा कापून न्यायचा असतो. सुरुवातीला लोक बाहीचा, कडेचा लहानसा तुकडा घेतात. मग एक तरुण येतो, आतल्या वस्त्राचा पुढचा भाग कापतो, ब्राच्या पट्ट्याही कापतो, आणि ओनो दोन्ही हात छातीवर आणतात. प्रदर्शनांसाठी निवडलेले चित्र बहुधा याच्याच आसपासचे असते.

ओनो यांनी या कृतीसाठी लिखित सूचना केल्या होत्या. सादर करणाऱ्याने सर्व वेळ निश्चल राहायचे, आणि कृती संपते ती सादर करणाऱ्याच्या मर्जीने. ही शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते. प्रेक्षकाच्या हातात कात्री आहे, पण पडदा पाडण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. शिवाय ही कृती स्त्रीनेच करावी असेही ओनो यांनी म्हटलेले नाही, आणि २००३ साली पॅरिसमध्ये, सत्तरीत असताना, त्यांनी स्वतः ती पुन्हा केली. तीन-चार वाक्यांची ही माहिती छायाचित्राखाली आली तर सोसणाऱ्या बाईच्या जागी परिस्थिती रचणारी कलाकार दिसू लागते. आली नाही, तर आपण त्या तरुणाच्या बाजूला उभे राहून पाहत आहोत हे प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही.

याच संदर्भात मारिना अब्रामोविच यांची १९७४ मधील ‘ऱ्हिदम झिरो’ हटकून आठवली जाते आणि ती ‘कट पीस’च्या शेजारी, ‘असुरक्षित देह’ अशा एखाद्या गोळाबेरीज शीर्षकाखाली लावली जाते. नेपल्सच्या स्टुडिओ मोरामध्ये त्यांनी टेबलावर ७२ वस्तू मांडल्या होत्या. गुलाब, पीस, मध यांच्यापासून कात्री, शस्त्रक्रियेची सुरी, पिस्तूल आणि एक गोळी इथपर्यंत. या वस्तू माझ्यावर हव्या तशा वापरा, मी एक वस्तू आहे, या काळातील सर्व जबाबदारी माझी, अशा आशयाची लेखी सूचना होती आणि मुदत होती सहा तासांची. म्हणजे येथे शेवट घड्याळाच्या हाती दिला होता आणि ओनोंच्या कृतीत तो कलाकाराच्या इच्छेवर ठेवला होता. घड्याळाच्या अटीमुळेच अब्रामोविच यांच्या प्रेक्षकांना पुढे जाण्यासाठी रान मोकळे मिळाले. या दोन कृती वरवर सारख्या दिसतात आणि आतून एकमेकींशी भांडतात. ते भांडण अटींमध्ये आहे, आणि अटी आपण छापत नाही.

छायाचित्र एकटेच फिरू लागले की काय होते, याचा सर्वांत बोलका नमुना एक्सपोर्ट यांच्या बाबतीत आहे. ‘अॅक्शन पँट्स: जेनिटल पॅनिक’ या कृतीत त्या १९६८ साली म्युनिकच्या एका चित्रपटगृहात, जांघेपाशी कापलेली पँट घालून, बसलेल्या प्रेक्षकांच्या रांगांमधून फिरल्या. पडद्यावरची बाई अंधारात निवांत न्याहाळणाऱ्यांसमोर खरी बाई येऊन उभी राहिली, असा तो डाव होता. त्यानंतर १९६९ साली पेटर हासमान यांनी त्यांची छायाचित्रे काढली. त्यांत तीच पँट आहे, केस विस्कटलेले आहेत आणि हातात बंदूक आहे. ही छायाचित्रे भित्तिपत्रके होऊन पसरली आणि एक्सपोर्ट चित्रपटगृहात बंदूक घेऊन शिरल्या होत्या अशी दंतकथाच तयार झाली. बंदूक तेथे नव्हती असे पुढे त्यांनी स्वतः सांगितले, तरी कथा मागे हटली नाही. २००५ साली न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात अब्रामोविच यांनी ‘सेव्हन ईझी पीसेस’ या मालिकेत ही कृती पुन्हा केली, तेव्हा त्या तशाच पोशाखात बंदूक घेऊन तासन्‌तास बसल्या. रांगांमधून फिरणे, प्रेक्षकाच्या चेहऱ्यासमोर थांबणे हे त्यात नव्हते. पुन्हा सादर झाले ते छायाचित्र. मला त्यात गैर काही वाटत नाही, कारण भित्तिपत्रक हीदेखील एक्सपोर्ट यांनी स्वतः घडवलेली प्रतिमा होती. मात्र चित्रपटगृहातली कृती आणि स्टुडिओतली प्रतिमा या दोन वेगळ्या वर्षांच्या, वेगळ्या हेतूंच्या गोष्टी आहेत, हे लिहिण्याची जबाबदारी ज्याच्याकडे दोन्हींची कागदपत्रे आहेत त्याची आहे.

येथे छायाचित्रकारांविषयी बोलणे भाग आहे. श्नीमन यांची १९६३ मधील ‘आय बॉडी’ एर्रो या आइसलँडिक कलाकाराने टिपली. ‘इंटीरियर स्क्रोल’ची बहुपरिचित छायाचित्रे अँथनी मॅककॉल यांची आहेत. फ्रेंच कलाकार जीना पान या तर छायाचित्रणाचा आराखडा आधीच काढत, आणि त्यांच्या छायाचित्रकार फ्रांस्वाज मासाँ कृतीच्या आत, कधी कधी प्रेक्षकांच्या वाटेत येऊनही, काम करत. म्हणजे कोणत्या कोनातून, कोणत्या क्षणी आणि कोणत्या क्रमाने, हेही पान यांनी ठरवले होते. तो क्रम मोडून एकच चौकट मोठी करून लावणे म्हणजे एखाद्या कवितेतील एकच ओळ चौकटीत बसवून तीच कविता म्हणून टांगणे आहे. दुसरीकडे, अनेक देशांच्या कायद्यांत छायाचित्राचा प्रथम हक्क छायाचित्रकाराकडे जातो, त्यात दिसणाऱ्या व्यक्तीकडे जात नाही. या प्रकारच्या कलेत त्याचा अर्थ असा होतो की जिने देह दिला, कल्पना दिली, धोका पत्करला, तिला स्वतःच्या प्रतिमेच्या वापरावर कायद्याने फारसे काही म्हणता येत नाही. कायदा आपण बदलू शकणार नाही. कृती विकत घेतानाचा करार मात्र आपणच लिहिता, आणि प्रतिमा कशी कापावी, कशासोबत लावावी, कोणत्या वस्तूवर छापू नये, याची कलमे त्यात घालण्यापासून आपल्याला कोणी अडवलेले नाही. संग्रहालयाच्या दुकानातील पिशव्या आणि टपालकार्डे डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहीत आहे.

मेंदिएता यांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी नाजूक होतो. १९७३ साली अमेरिकेतील आयोवात, विद्यापीठातील एका विद्यार्थिनीवर बलात्कार होऊन तिचा खून झाल्यानंतर, त्यांनी सहाध्यायांना आपल्या घरी बोलावले. दार अर्धवट उघडे होते. आत मेंदिएता टेबलावर वाकवून बांधलेल्या अवस्थेत, रक्ताने माखलेल्या, निश्चल होत्या. आलेल्यांना कसलीही पूर्वसूचना नव्हती, आणि ते दार ढकलून आत येणे हाच कृतीचा गाभा होता. दालनात आपण हा धक्का पुन्हा घडवू शकत नाही, घडवूही नये, कारण तेथे येणारा माणूस मेंदिएतांच्या ओळखीतला नसतो आणि त्याच्या आयुष्यात काय घडून गेले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. मग दाराशी पाटी लावली जाते: ‘या दालनात नग्नता आहे.’ या पाटीइतकी आळशी पाटी मी पाहिलेली नाही. टेबलावर उभी राहून स्वतःचे लेखन वाचणारी श्नीमन आणि टेबलाला बांधलेली मेंदिएता या दोघींना ती एकाच शब्दात गुंडाळते, जणू काळजी घ्यायची ती त्वचेची. हिंसेविषयी सावध करायचे असेल तर हिंसा असे लिहावे आणि नग्नतेला तिच्या वाटेने जाऊ द्यावे.

मेंदिएता १९८५ साली, चाळिशीच्या आतच, गेल्या. त्यांच्या ‘सिलुएटा’ मालिकेतील मातीवर, गवतावर, वाळूवर उमटवलेल्या देहाकृती त्यांच्या मृत्यूची चाहूल म्हणून वाचण्याची सवय तेव्हापासून लागली आहे. ही मालिका त्यांनी १९७३ पासून अनेक वर्षे, पूर्ण शुद्धीत, भूमी आणि देश हरवण्याच्या विचारातून केली. क्यूबातून बालपणीच दूर पाठवल्या गेलेल्या कलाकाराचा तो विचार होता. मृत्यूचा उल्लेख चरित्राच्या ओळीत असावा, प्रत्येक चित्राच्या अर्थात नसावा. शिवाय आज भिंतींवर दिसणारे अनेक मोठी छायाचित्रे त्यांच्या पश्चात, स्लाइडवरून छापलेली आहेत. आकार कोणी ठरवला आणि केव्हा, हेही प्रेक्षकाला सांगावे.

आता निवडीविषयी. नग्न देह म्हणजेच स्त्रीवादी परफॉर्मन्स असे समीकरण आपल्या मांडण्यांतून रुजले आहे आणि त्याची किंमत ज्या कलाकारांनी कपडे उतरवलेच नाहीत त्यांनी मोजली. पायपर यांनी १९७० मध्ये ‘कॅटॅलिसिस’ मालिकेत तोंडात मोठा टॉवेल कोंबून बसने प्रवास केला, ‘ओला रंग’ असे लिहिलेली पाटी अंगावर अडकवून दुकानांतून फिरल्या. पुढे ‘मिथिक बीइंग’मध्ये मिशी आणि आफ्रो केसांचा टोप घालून कृष्णवर्णीय तरुणाच्या वेषात त्या रस्त्यावर वावरल्या. रुमाना हुसेन यांनी १९९५ साली मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात ‘लिव्हिंग ऑन द मार्जिन्स’ केली तेव्हा हातात कापलेली पपई होती आणि तोंड आवाजाविना उघडे होते. मुसलमान स्त्री म्हणून आपल्याकडे कसे पाहिले जाते हा त्यांचा विषय होता आणि तो उघडा करायला वस्त्र उतरवण्याची गरज नव्हती. पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर अर्नी यांच्याबरोबर २००० ते २००४ या काळात ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ ही मालिका केली. वसाहतकाळात माणसे चौकटीचौकटींच्या पडद्यासमोर उभी करून त्यांच्या देहाची मापे घेतली जात, तो पडदाच त्यांनी पुन्हा उभारला आणि मोजणारी व मोजली जाणारी या दोन्ही जागा ताब्यात घेतल्या. या कृतींमध्ये देहाइतकीच नजर हे साहित्य आहे: बसमधल्या प्रवाशांची, शेजाऱ्याची, मोजपट्टी घेतलेल्या अधिकाऱ्याची. देहाच्या इतिहासाचे दालन उभारताना या कृती ‘वंश’, ‘आशिया’ अशा वेगळ्या कप्प्यांत जातात आणि मुख्य भिंत सडपातळ, तरुण, गोऱ्या देहांना मिळते. हे कोणी मुद्दाम करत असेल असे मला वाटत नाही. सवयीने होते, आणि म्हणून ते टिकते.

सडपातळ आणि तरुण म्हटले की विल्की यांचा विषय निघतोच. ‘एस. ओ. एस. स्टारिफिकेशन ऑब्जेक्ट सिरीज’मध्ये त्यांनी चघळलेल्या च्युइंगमचे योनीसदृश छोटे आकार करून ते अंगाला चिकटवले आणि जाहिरातीतल्या सुंदरीसारख्या पोझ घेतल्या. त्यांच्यावर टीका झाली ती स्त्रीवादी गोटातूनही. ल्यूसी लिपार्ड यांच्यासारख्या जाणत्या समीक्षिकेलाही त्यांच्यातील सुंदर स्त्री आणि कलाकार या भूमिकांची सरमिसळ खटकली. बाई देखणी असेल तर तिने स्वतःला दाखवणे संशयास्पद, हा तर्क मला तेव्हाच्या वादांतला सर्वांत कमकुवत दुवा वाटतो. तो पाळायचा तर केवळ काहीच देहांना बोलण्याचा परवाना उरतो. विल्की यांना पुढे लिम्फोमा हा कर्करोग झाला. १९९२-९३ मध्ये, पती डोनाल्ड गॉडर्ड यांच्या मदतीने, त्यांनी ‘इंट्रा-व्हीनस’ ही मालिका केली. सुजलेला, मलमपट्ट्या लावलेला, केस गळालेला देह, आणि पोझ मात्र त्याच, पूर्वीच्याच: व्हीनसची, मॅडोनाची, मॉडेलची. १९९३ मध्ये त्या गेल्या आणि १९९४ मध्ये ही चित्रे प्रदर्शित झाली. ही मालिका ‘आजारपणाची धैर्यशील नोंद’ म्हणून दाखवली जाते तेव्हा तिच्यातला सगळ्यात खट्याळ भाग पुसला जातो. पोझ चालू ठेवणे हाच त्यांचा टीकाकारांना दिलेला जबाब होता. च्युइंगमची मालिका आणि ही मालिका एकाच दालनात, समोरासमोर लावल्याशिवाय तो जबाब ऐकू येत नाही.

पुनःसादरीकरणाकडे वळतो, कारण तेथे देह दुसऱ्याचा असतो आणि जबाबदारी सरळ आपल्यावर येते. २०१० साली न्यू यॉर्कच्या मोमा या आधुनिक कला संग्रहालयात अब्रामोविच यांचे मोठे प्रदर्शन झाले. त्यात त्यांची आणि त्यांचे सहकारी कलाकार उलाय यांची १९७७ मधील ‘इम्पाँडराबिलिया’ ही कृती इतर कलाकारांनी पुन्हा केली: अरुंद दारात दोन नग्न माणसे समोरासमोर उभी आणि त्यांच्यामधून प्रेक्षकांनी जायचे. प्रेक्षकांनी आपला विनयभंग केला आणि संग्रहालयाने पुरेसे संरक्षण दिले नाही, असा आरोप करत त्यातील एका कलाकाराने २०२४ साली न्यायालयात दाद मागितली. खरेखोटे ठरवणे न्यायालयाचे काम. पण मूळ कृतीत धोका पत्करणारे दोघे कृतीचे कर्तेही होते आणि येथे उभी असलेली माणसे मोबदला घेऊन काम करणारी होती, हा फरक न्यायालयाने सांगायची वाट पाहण्याचे कारण नाही. २०११ साली लॉस एंजेलिसच्या समकालीन कला संग्रहालयाच्या निधी-मेजवानीत पाहुण्यांच्या टेबलांवर जिवंत कलाकार मांडले गेले, तेव्हा नृत्यकार इव्हॉन रेनर यांनी जाहीर पत्र लिहून त्या वागणुकीवर आणि १५० डॉलरच्या मोबदल्यावर हरकत घेतली होती. मूळ कलाकाराला ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार होता. तोच अधिकार भाड्याने घेतलेल्या देहाला लेखी स्वरूपात, तो वापरल्यास पैसे कापले जाणार नाहीत या हमीसह, मिळायला हवा. याहून कमी काही मान्य करणारी संस्था ‘कट पीस’मधली शेवटची अट समजली आहे असे मी मानणार नाही.

आणि नकाराचाही मान राखला जावा. २०१३ मध्ये कृष्णवर्णीय परफॉर्मन्स कलेच्या एका प्रदर्शनातून पायपर यांनी आपली ‘मिथिक बीइंग’ची चित्रफीत काढून घेतली. कलाकारांना वंशाच्या कप्प्यात वेगळे मांडण्याला त्यांचा विरोध होता. त्यांचे म्हणणे पटो न पटो, स्वतःची प्रतिमा कोणत्या शीर्षकाखाली दिसावी हे ठरवणारी कलाकार मालिका सुरू केली तेव्हा होती आणि चाळीस वर्षांनंतरही होती.

समाजमाध्यमांविषयी थोडक्यात. इन्स्टाग्रामच्या नियमांनी चित्रे आणि शिल्पे यांच्या छायाचित्रांतील नग्नतेला मुभा दिली, जिवंत देहाच्या छायाचित्राला मात्र दिली नाही. म्हणजे संगमरवरी व्हीनस चालते, व्हीनसची पोझ घेतलेली विल्की चालत नाही. इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटा कंपनीच्या देखरेख मंडळाने जानेवारी २०२३ मध्ये हा नग्नतेचा नियम लिंगभेद करणारा असल्याचे सांगून तो बदलण्याची शिफारसही केली. ती लढाई आपण एकट्याने जिंकावी असे मी म्हणत नाही. पण प्रदर्शनाच्या जाहिरातीसाठी कलाकाराच्या छातीवर काळी पट्टी किंवा धूसर ठिपका आपल्याच हाताने चढवणे बंद करावे. तसे करण्यापेक्षा त्या कृतीच्या सूचनांचा मजकूर छापावा. ‘कट पीस’च्या सूचना कोणत्याही छाननीतून सहज पार होतात आणि छायाचित्रापेक्षा जास्त सांगतात.

माहितीपट्ट्या लोक वाचत नाहीत, जागा कमी असते, प्रतिमेला तिचे स्वतंत्र आयुष्य असते, ही उत्तरे मला ठाऊक आहेत आणि शेवटचे तर मला पटतेही. प्रतिमा फिरणार, तिच्याभोवती गोष्टी रचल्या जाणार. म्हणूनच जेथे मूळ कागद आहेत त्या जागेने तरी गोष्ट नीट सांगावी. ज्या संस्था लाकूड तडकू नये म्हणून दालनातील आर्द्रता मोजतात, त्यांना कृतीचा कालावधी, जागा, प्रेक्षक कोण होते, स्पर्शाची मुभा होती का, शेवट कोणाच्या हाती होता, मजकूर काय होता आणि कॅमेरा कोणाकडे होता, एवढी नोंद ठेवणे आणि दाखवणे अवघड नसावे.

त्या पिढीतील बऱ्याच कलाकार आता ऐंशी-नव्वदीच्या आहेत. त्यांची छायाचित्रे आपल्या गोदामांत आहेत, पण यापुढे ती कशी दाखवावीत, कोणती एकटी लावू नये, कृती पुन्हा करता येईल का आणि कोणत्या देहाने, हे त्यांना विचारून, लिहून घेऊन, त्यांच्या सहीनिशी संग्रहाच्या नोंदीत ठेवलेले आहे का, हे आपल्या नोंदणी विभागाने येत्या वर्षात तपासावे. ज्यांच्याबाबत ते नाही, त्यांच्याकडे संग्रहालयाच्या खर्चाने माणूस पाठवावा. ज्या आता नाहीत त्यांच्या टिपणवह्या, पत्रे आणि छायाचित्रकारांच्या आठवणी यांतून अटी जेवढ्या मिळतील तेवढ्या जमवाव्यात, आणि जेथे मिळणार नाहीत तेथे तसे माहितीपट्टीवर स्पष्ट लिहावे.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

कळावे,
आपला,
एक प्रेक्षक